घराच्या डागडुजीनंतर बचतीची डागडुजी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणीत जुन्या पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. घराचा खर्च कागदावर मांडलेल्या आकड्यात कधी मावत नाही, हे त्यातले सत्य. पुणे शहरात आज घर बांधणाऱ्यांपेक्षा सदनिका विकत घेणारेच पुष्कळ. तरीही या सत्यात फरक पडलेला नाही. किंबहुना तयार घर घेणाऱ्याला हे सत्य उशिरा कळते. खरेदीखताची नोंदणी होते, किल्ल्या हाती येतात, गृहप्रवेशाची पूजा होते. आणि आषाढातला पहिला मोठा पाऊस झाला की पश्चिमेच्या भिंतीवर ओल उमटते. गवंड्याने गिलावा खरवडला की आतली गंजलेली सळई दिसते. न्हाणीघराची फरशी उचलली की खालचा कोबा फुटलेला आढळतो. वायरमन सांगतो की जुन्या तारा नव्या उपकरणांचा भार सोसणार नाहीत. दीड लाखाचे म्हणून हाती घेतलेले काम पाहता पाहता पाच लाखांवर जाते, आणि पंधरा वर्षांत साठवलेली गंगाजळी तीन महिन्यांत आटते.

अशा वेळी घर उभे असते, पण घरातील माणसांची झोप उडालेली असते. पाऊस आता गळत नाही. काळजी मात्र गळू लागते. उद्या आजारपण आले, मुलाच्या प्रवेशाची रक्कम भरावयाची झाली, पगार एक महिना लांबला, तर काय? घराची दुरुस्ती जेथे संपते तेथून बचतीची दुरुस्ती सुरू झाली पाहिजे, आणि तीही घराच्या दुरुस्तीइतकीच पद्धतशीर असली पाहिजे, एवढाच या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे.

पुण्याने घेतलेला धडा

पुणे शहराला हा विषय नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण तोलून धरण्याची शिकस्त केली. त्यामुळेच रात्रीचे संकट दिवसावर गेले आणि असंख्य प्राण वाचले. खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. नदीकाठच्या पेठांतील माती-विटांचे वाडे पाण्यात विरघळले. त्या वाड्यांच्या कोनाड्यांत, पेट्यांत आणि डब्यांत ठेवलेली रोकड, सोने, कागदपत्रे हीही त्याबरोबर गेली. घर आणि बचत ही दोन्ही एकाच दिवशी गमावण्याचा प्रसंग हजारो कुटुंबांवर आला.

राज्य शासनाने पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकावर सोपविली. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर ही नावे आजही त्या पुनर्वसनाची आठवण देतात. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्या आणि कुटुंबांनी नव्याने संसार मांडले. त्या उभारणीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, बचत आणि घर ही एकाच छपराखाली असू नयेत. घराला धक्का लागला तरी बचतीला लागू नये. दुसरी अशी की, गेलेले एकदम परत मिळत नाही. ते हप्त्याहप्त्यानेच उभे करावे लागते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत केलेल्या नुकसानीने हाच धडा पुन्हा गिरवून घेतला. परंतु प्रत्येक कुटुंबावर पूर येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत बचत वाहून जाते ती गळक्या गच्चीतून, कुजलेल्या नळातून आणि अपुऱ्या अंदाजपत्रकातून. त्याची बातमी होत नाही, पंचनामाही होत नाही. म्हणूनच त्याचा विचार कुटुंबानेच करावयाचा असतो.

आधी हिशेब, मग हळहळ

मोठा खर्च होऊन गेल्यावर माणसाचा पहिला कल त्या खर्चाकडे पाठ फिरविण्याकडे असतो. बिले एका पिशवीत कोंबली जातात आणि पुन्हा उघडली जात नाहीत. हे टाळले पाहिजे. काम संपल्यापासून आठवड्याच्या आत पती-पत्नींनी, आणि घरात मिळवती मुले असल्यास त्यांच्यासह, एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: एकूण खर्च किती झाला, त्यांपैकी किती बचतीतून गेला, आणि किती कर्जाऊ आणला, कोणाकडून व कोणत्या व्याजाने.

हिशेब मांडल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की, हा सर्व खर्च खरोखर आपलाच होता काय? पुष्कळदा तो तसा नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी, बाहेरील सामाईक नळ व सांडपाण्याची वाहिनी यांतील गळती आणि वरच्या मजल्यावरील छताचे त्यामुळे झालेले नुकसान यांची दुरुस्ती ही संस्थेच्या खर्चाने करावयाची असते. नवा सभासद संकोचाने गप्प बसतो आणि संस्थेचा खर्च स्वतःच्या खिशातून करतो. सदनिका नव्या इमारतीतील असेल आणि स्थावर संपदा कायदा, २०१६ तिला लागू असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष लेखी कळविल्यानंतर विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तो न केल्यास महारेराकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी दोषाची छायाचित्रे, तारखा आणि पत्रव्यवहार जपून ठेवला पाहिजे. शिवाय, शक्य तेथवर काम उरकण्यापूर्वीच दोष कळविणे श्रेयस्कर.

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला करात ४० टक्क्यांची सवलत आहे. ती नव्या मालकाने पीटी-३ हा अर्ज पुराव्यासह भरून मागावी लागते. घर विकत घेण्याच्या धावपळीत ही गोष्ट राहून जाते आणि दरवर्षी पैसे जादा जात राहतात. गेलेल्या रकमेपैकी जे न्यायाने परत मिळू शकते वा वाचू शकते ते मिळविणे, हा बचतीच्या उभारणीचा पहिला दगड होय.

क्रम महत्त्वाचा

इमारत बांधताना पाया, भिंती आणि छप्पर असा क्रम असतो. बचतीलाही क्रम असतो. तो चुकला तर कष्ट वाया जातात.

पहिल्या पायरीवर एक लहानशी आकस्मिक गंगाजळी असावी. अंगावर कर्ज असले तरी ती असावी. कारण हाताशी काहीच नसेल तर पुढचा लहानसा खर्चही पुन्हा कर्जानेच भागवावा लागतो आणि फेरा संपत नाही. दुसऱ्या पायरीवर महागडे कर्ज फेडावे. दुरुस्तीच्या घाईत क्रेडिट कार्डावर टाकलेल्या रकमेला दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज लागू शकते. गावच्या सावकाराला नावे ठेवणारा सुशिक्षित माणूस हे व्याज मुकाट्याने भरतो. तिसऱ्या पायरीवर आप्तांकडून घेतलेली उसनी रक्कम फेडावी. तिला व्याज नसते, पण नात्याचे मोल असते. म्हणून तिची तारीख ठरवून, न मागता परतफेड करावी. चौथ्या पायरीवर गंगाजळी किमान तीन महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी वाढवावी. यानंतरच गृहकर्जाची मुदतपूर्व फेड किंवा दीर्घ मुदतीची गुंतवणूक यांचा विचार करावा. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकांनी दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ चा आदेश आहे. त्यामुळे ती फेड थोडी पुढे ढकलल्याने ही सोय हातची जात नाही. परंतु गृहकर्जात भरलेला पैसा अडचणीच्या दिवशी सहसा परत काढता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

शासकीय कर्मचारी व शिक्षक यांना भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळू शकतो. परतावा अग्रिम पगारातून हप्त्याने फेडला जातो आणि निधी पुन्हा भरतो. ना-परतावा रक्कम मात्र कायमची कमी होते; ती निवृत्तीच्या दिवशी जाणवते. असे पैसे काढले असल्यास निधीतील मासिक वर्गणी वाढविणे, हाच त्यावर उपाय.

एका कुटुंबाचे उदाहरण

क्रमाचा विचार आकड्यांत कसा उतरतो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील एका शिक्षक दांपत्याचे हाती येणारे मासिक उत्पन्न १,१०,००० रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता ३८,००० रुपये, घरखर्च ४२,०००, संस्थेची वर्गणी ३,०००, मुलांचे शिक्षण ८,००० आणि विम्याचे हप्ते सरासरी ४,०००. एकूण खर्च ९५,००० रुपये होतो आणि १५,००० रुपये उरतात. जुन्या सदनिकेच्या दुरुस्तीत त्यांची सर्व शिल्लक संपली आहे. शिवाय क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये आणि थोरल्या भावाचे एक लाख रुपये देणे आहे.

पहिल्या महिन्यापासून त्यांनी ५,००० रुपये गंगाजळीत आणि १०,००० रुपये कार्डावर भरावेत. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तरी सातव्या महिन्यात कार्डाचे देणे संपते, आणि गंगाजळीत ३५,००० रुपये जमा असतात. पुढे भावाला दरमहा ७,५०० रुपये दिल्यास चौदा महिन्यांत लाख रुपये फिटतात. याच अवधीत उरलेली रक्कम साठत गेल्याने गंगाजळी सुमारे १,४५,००० रुपयांवर येते. त्यानंतर दरमहा १३,००० रुपये गंगाजळीत आणि २,००० रुपये घराच्या स्वतंत्र दुरुस्ती निधीत टाकले, तर आणखी अकरा महिन्यांत तीन महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे २,८५,००० रुपयांची, शिल्लक उभी राहते. एकूण काळ बत्तीस महिने. यात बचतीवरील व्याज, वेतनवाढ वा महागाई भत्ता काहीच धरलेला नाही. भाववाढही धरलेली नाही.

बत्तीस महिने हा आकडा ऐकून कोणी निराश होईल, कोणी आश्वस्त होईल. आश्वस्त व्हावे, हेच योग्य. कारण ज्या संकटाला आरंभी तळ दिसत नव्हता त्याला आता तारीख आली. तारीख असलेले ओझे माणूस उचलू शकतो. ज्यांच्याकडे दरमहा १५,००० उरत नाहीत, तीनच हजार उरतात, त्यांनाही हाच क्रम लागू आहे. अवधी तेवढा वाढेल. आणि जेथे काहीच उरत नाही तेथे काही काळ मोठ्या खरेदीला, समारंभाला आणि घराच्या केवळ शोभेच्या कामांना विराम द्यावा लागेल. गळती थांबविणे ही गरज होय. दिवाणखान्यातील नक्षीदार छत ही गरज नव्हे.

पैसा कोठे ठेवावा

बचत उरलेल्या पैशातून होत नाही. ती आधी बाजूला काढावी लागते. पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेस देणे, हा सर्वांत सोपा मार्ग. टपाल खात्याचे आवर्ती ठेव खाते दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. त्याची मुदत पाच वर्षांची असून बारा हप्ते भरल्यावर जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळू शकते. लहान दुकानदार व रोजंदारीवरील मंडळी पिग्मी खात्यात रोजची रक्कम टाकतात, तीही चांगली सवय आहे. भिशी शिस्त लावते हे खरे. परंतु तिला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नसते, म्हणून गंगाजळी तीत गुंतवू नये.

येथे एक फरक स्पष्टपणे समजून घेणे अगत्याचे आहे. व्यापारी बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपये आहे. सहकारी पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्थांनी गावोगावी मोलाचे काम केले आहे. तथापि, कष्टाने पुन्हा उभी केलेली सर्व पुंजी केवळ अधिक व्याजासाठी एकाच ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे नाही.

पुढच्या दुरुस्तीची तयारी

घराची दुरुस्ती हा अपघात नव्हे. तो घराचा धर्म आहे. छताचा कोबा, नळ, तारा, रंग यांचे आयुष्य ठरलेले असते. म्हणून दुरुस्तीचा निधी हा घरखर्चाचाच एक भाग समजला पाहिजे. आदर्श उपविधींनी हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. बांधकामाच्या खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी सभासदांकडून घ्यावा, असे त्यांत सांगितले आहे. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असेही त्यांत आहे. प्रत्यक्षात कित्येक संस्थांत वर्गणी वाढविण्याचा विषय निघाला की सभा तहकूब होते. आज वाचविलेले शंभर रुपये उद्या लाखाच्या वर्गणीचे रूप घेऊन दारात उभे राहतात. घर घेऊ पाहणाऱ्याने सदनिकेच्या फरशीइतकेच लक्ष संस्थेच्या ताळेबंदाकडे आणि शेवटच्या तपासणी अहवालाकडे द्यावे.

जपानमध्ये बहुमजली इमारतींतील रहिवासी तीस वर्षांच्या दुरुस्तीचा आराखडा आधी तयार करतात आणि त्यानुसार दरमहा निधी जमवितात. साधारणपणे बारा-पंधरा वर्षांनी येणारी मोठी दुरुस्ती त्यातून पार पडते. भूकंपाचा देश असूनही तेथे हे नियोजन चालते, मग पुण्यात ते का चालू नये?

दैवी आपत्तीसाठी विमा हा स्वतंत्र मार्ग आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची विमापत्रे उपलब्ध आहेत. आग, पूर, वादळ, भूकंप यांनी होणाऱ्या हानीला त्यांत संरक्षण आहे. घराची नैसर्गिक झीज मात्र त्यांत येत नाही. ती निधीतूनच भागवावी लागते. विमा आणि निधी ही एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांना पूरक ठरतात.

गावाकडून शहराने शिकावे

नियमित बचतीचा धडा द्यावयाचा तर शहराने गावाकडे पाहावे. पुणे जिल्ह्यातीलच खेड तालुक्यात ‘चैतन्य’ या संस्थेने महिलांचे बचत गट उभे केले, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने हे कार्य राज्यभर नेले. ठरलेला दिवस, ठरलेली रक्कम, सर्वांसमोर वाचला जाणारा हिशेब, एवढ्या तीन नियमांवर ज्यांच्या नावे पूर्वी खातेही नव्हते अशा स्त्रियांनी घराची कौले बदलली आणि मुलींची शिक्षणे केली. पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांना हे दृश्य परिचित आहे. घरकुल योजनेतून पक्के घर मिळालेल्या कुटुंबालाही हेच सांगावयास हवे. घर मिळाले त्याच महिन्यापासून त्याच्या डागडुजीसाठी पाच-पन्नास रुपये बाजूला पडू लागले, तर दहा वर्षांनी ते घर पुन्हा मदतीची वाट पाहत बसणार नाही. शाळेतील गणिताच्या तासाला नफा-तोट्याबरोबर घरखर्चाचा एक महिना मांडून दाखविला, तर मुले ती वही घरी नेतील.

बंधुभगिनींनो, रिकामी झालेली बचत हा कुटुंबाचा नाकर्तेपणा नव्हे. ती पुष्कळदा छप्पर वाचविण्यासाठीच खर्ची पडलेली असते, आणि संकटात उपयोगी पडणे हेच तर बचतीचे काम. तिने आपले काम केले. आता तिला पुन्हा उभे करणे हे कुटुंबाचे काम आहे. भिंतीवरील ओल वाळण्यास एक उन्हाळा लागतो. बचत भरून येण्यास दोन-तीन वर्षे लागतील. पण ज्या घरात दर महिन्याच्या दोन तारखेला ठरलेली रक्कम न चुकता बाजूला पडते, त्या घरातील माणसे पुढच्या आषाढात ढग भरून आले तरी निश्चिंतपणे झोपू शकतील.